रांगेतली तांब्याची घागर

रविवार, ६ एप्रिल १९८६, लातूर

पोचले एकदाची. आमची एसटी अहमदपूरच्या अलीकडे पंक्चर झाली, तेव्हा अण्णा बाह्या सरसावून ड्रायव्हरच्या मदतीला धावले आणि अर्धी गाडी त्यांनाच मेकॅनिक समजली. अण्णा म्हणजे माझे वडील, लिंबाजी, मुखेड डेपोत कंडक्टर. सुट्टीच्या दिवशीही त्यांना गाडीत स्वस्थ बसवत नाही. एका पुढाऱ्यानं म्हातारीच्या जागेवर पिशवी ठेवली होती, ती उचलून त्यांनी त्याच्याच मांडीवर ठेवली आणि म्हातारीला बसवलं. मला अशा वेळी आधी लाज वाटते आणि मग अभिमान वाटतो, नेहमी याच क्रमानं.

खोली छान आहे. गंजगोलाईच्या मागच्या एका बोळात कावेरीबाईंचं घर, त्यातली पुढची खोली माझी, दार स्वतंत्र. कावेरीबाई विधवा आहेत, शेवया आणि पापड करून विकतात आणि बोलायला लागल्या की थांबत नाहीत. माझं आडनाव ऐकून मात्र जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “ऱ्हा बाई. आता लातूर जिल्हा झालाय, आता काय इचारायचं.” जिल्ह्याचा हा फायदा सरकारलाही माहीत नसेल.

अण्णा संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. जाताना गोळ्यांची बाटली माझ्या हातात दिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि लगबगीनं निघाले. मागं वळून पाहिलं असतं तर दोघंही रडलो असतो.

सोमवार, ७ एप्रिल

ही वही डॉक्टरांनी लिहायला सांगितली आहे, म्हणून आधी त्यांचं काम. मागच्या वर्षी ऐन बारावीच्या परीक्षेत मी आजारी पडले. झोप उडाली. रेडिओवरच्या बातम्या माझ्यासाठीच चालल्यात असं वाटायचं, आणि एकदा मुखेडच्या आठवडी बाजारात ओट्यावर उभी राहून मी भाषण ठोकलं. लोक म्हणतात भाषण बरं झालं होतं. नांदेडच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं आणि लिथियम सुरू केलं. मी माणसात आले, पण मार्क गेले ते गेलेच. मग नांदेडलाच बी. एस्सी.चं पहिलं वर्ष केलं. ते काही माझं ठिकाण नव्हे. मला फार्मसीला जायचं आहे. ज्या गोळीनं माझं डोकं मला परत दिलं, ती कशी बनते ते मला शिकायचंय. ऑक्टोबरमध्ये बारावी पुन्हा देणार, म्हणून इथल्या धोंडप्पा सरांचा उन्हाळी वर्ग लावलाय. या वेळी जमलं नाही तर घरचे परत पाठवणार नाहीत. आई तर स्थळं बघायला टपलेलीच आहे.

डॉक्टरांचा नियम असा: झोप, गोळ्या आणि पाणी यांची रोज नोंद करायची. काही विचित्र दिसलं तर तेही लिहायचं आणि शेजारी लिहायचं की दुसऱ्या कुणी पाहिलं का. “दुसऱ्यानं पाहिलं तर जग बिघडलंय. फक्त तूच पाहिलंस तर आधी माझ्याकडं ये,” असं ते हसत म्हणाले.

लिथियमची एक खोड आहे. तहान फार लागते, आणि पाणी कमी पडलं की तीच गोळी रक्तात साचून विष होते. आधी हात थरथरतात, मग जीभ जड होते. म्हणून पाणी भरपूर प्यायचं. लातूरला, एप्रिलमध्ये. डॉक्टर नांदेडचे आहेत, त्यांच्याकडं गोदावरी आहे.

झोप चांगली. गोळ्या घेतल्या. पाणी जेमतेम.

गुरुवार, १० एप्रिल

नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही आलं तर. कावेरीबाई म्हणतात, कलेक्टर आला, एस. पी. आला, पाणी तेवढं यायचं ऱ्हायलं. सगळा बोळ एका हापशावर जगतोय. तो थोडं पाणी देतो, मग नुसता खोकतो, मग त्याला विसावा द्यावा लागतो. त्यामुळे इथं रांगेत बायका उभ्या राहत नाहीत, घागरी उभ्या राहतात. सकाळी जिनं तिनं आपली घागर नंबराला लावायची आणि घरी कामाला जायचं. पाणी भरायला जी येईल तिनं आपली भरून घ्यायची आणि मागच्या सगळ्या घागरी एकेक जागा पुढं सरकवायच्या. कुणी कुणाची घागर हलवून लबाडी करत नाही. मला हे फार आवडलं. अण्णांना कळवायला हवं, त्यांच्या प्रवाशांपेक्षा घागरींना शिस्त जास्त आहे.

धोंडप्पा सर उत्तम शिकवतात. आज द्रावणं घेतली. पाणी आटत गेलं की द्रावण तीव्र होत जातं, हे त्यांनी मीठ घेऊन दाखवलं. मी मान डोलावली. मला हे प्रयोगाशिवायही माहीत आहे.

शनिवार, १२ एप्रिल

आज डोकं तापलंय, आजारानं नव्हे.

रांगेत एक तांब्याची घागर असते, पोचे पडलेली, हिरवट. बाकी घागरी बायका हातानं सरकवतात. तिला हात कुणी लावत नाही. हापशाला बाभळीची एक काठी टेकवून ठेवली आहे, तिनं ढकलतात. आणि तिचा नंबर आला की समोरची चतुराबाई तिला काठीनं ढकलत ढकलत पार रांगेच्या शेवटी नेऊन ठेवते. न भरता. मी दोन दिवस बघतेय. कावेरीबाईंना विचारलं कुणाची, तर म्हणाल्या भामाबाईची. कुठं राहतात विचारलं, तर म्हणाल्या, “आपल्या बोळात न्हाई,” आणि आत गेल्या.

मला सांगायची गरज नव्हती. माझ्या आजीची घागर अशीच काठीनं लोटायचे. आजी सांगायची, दिवसभर विहिरीवर बसावं आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतावं. हे सगळं संपलं असं शाळेच्या पुस्तकात आहे. बोळात कुणी ते पुस्तक वाचलेलं दिसत नाही.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. पांढरी साडी नेसून सकाळी वंदनेला गेले. गर्दी, निळे झेंडे, लाडू. घरापासून दूर असूनही घरी असल्यासारखं वाटलं.

दुपारी परतले तर बोळ उन्हानं झोपलेला. तांब्याची घागर रांगेत पहिली होती, आणि चतुराबाई काठी उचलत होती. मी काठीच्या आधी पोचले. दोन्ही हातांनी घागर उचलली, तोटीखाली ठेवली आणि हापसून काठोकाठ भरली. चतुराबाई भांडेल म्हणून सगळे मुद्दे तयार ठेवले होते. ती भांडली नाही. हातातली काठी तिनं खाली टाकली आणि घरात गेली. तिच्या तोंडावर राग नव्हता, सुटल्यासारखं काहीतरी होतं. लाज वाटली असेल.

भरलेली घागर हापशाजवळ सावलीत ठेवून आले. भामाबाई येतील तेव्हा नेतील.

मंगळवार, १५ एप्रिल

घागर सकाळी माझ्या दारात होती, रिकामी. म्हणजे भामाबाई येऊन गेल्या आणि कुणी भरली ते त्यांना कळलं. आज पुन्हा भरली आणि उंबऱ्याजवळ ठेवली. कावेरीबाई तिला वळसा घालून गेल्या.

शनिवार, १९ एप्रिल

बोळ बदलला. काठी गायब आहे. मी हापशावर गेले की बायका म्हणतात, “ये पोरी, तू आधी भर. भामाबाईचं बी भर.” माझी घागर त्या स्वतः पुढं सरकवतात, हातानं. काल चतुराबाईनं मला धपाटे आणून दिले, शेंगदाण्याच्या चटणीसकट. अण्णांना सविस्तर पत्र टाकलं की तुमच्या लेकीनं एका बोळातली काठी बंद पाडली. ते डेपोत वाचून दाखवतील, मला माहीत आहे.

भामाबाईंची भेट मात्र झालेली नाही. रोज दुपारपर्यंत घागर रिकामी होते. त्या कधी येतात कळत नाही.

झोप बरी. गोळ्या घेतल्या. तहान वाढली आहे.

मंगळवार, २२ एप्रिल

आज वर्गाला बुट्टी मारून दुपारी दारात बसले. म्हटलं, भेटायचंच. भरलेली घागर उंबऱ्याशी होती. बोळात चिटपाखरू नव्हतं. बाजूच्या ओसरीवर कावेरीबाई तूर निवडत बसल्या होत्या.

बारा वाजून गेल्यावर आवाज आला. कुणीतरी घटाघटा पाणी पितंय असा, माझ्यापासून हातभर अंतरावर. मध्ये दम घ्यायला थांबावं आणि पुन्हा तोंड लावावं तसा. घागरीतलं पाणी खाली जात होतं. माझ्या डोळ्यांसमोर गेलं, तळ दिसेपर्यंत. जमीन कोरडी होती.

दुसऱ्या कुणी पाहिलं का? मी कावेरीबाईंकडं पाहिलं. त्यांनी घागरीकडं पाहिलं, सूप उचललं आणि माझ्याकडं पाठ करून बसल्या.

म्हणजे पाहिलं.

गुरुवार, २४ एप्रिल

कावेरीबाईंना धरून बसवलं आणि सांगितलं की बोलल्याशिवाय उठू देणार नाही. त्या आधी रडल्या. मग सांगितलं.

जिल्हा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची गोष्ट. भामाबाई मागच्या वस्तीतली, मजुरीला जायची. वस्तीचा हापसा आटला म्हणून या हापशावर नंबर लावायला लागली. तिचा नंबर आला की बोळातल्या बायका घागर काठीनं मागं लोटायच्या. तिनं भांडण केलं नाही, घागर पुन्हा लावून बसून राहायची. एका दुपारी तिचा नंबर पुन्हा मागं गेला आणि ती बसल्या जागी कलंडली. तोंडात पाणी घालायला एखादी बाई धावेपर्यंत संपली होती. घागर तशीच राहिली. चतुराबाईच्या सासूनं ती उचलून घरात नेली, तांबं चांगलं म्हणून. त्या घरात भरलेलं पाणी टिकेना. सासू महिनाभरात वाळून गेली. तेव्हापासून घागर रांगेत ठेवतात, कारण रांगेत असली की ती कुणाच्या घरी जात नाही. पण भरत कुणीच नाही. “जो पाजतो त्याच्याच मागं तहान लागती,” कावेरीबाई म्हणाल्या.

मी विचारलं, मग मला आधीच का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, सांगणार होते, पण तोवर तू भरून बसलीस. आणि भरलीस तवा सगळ्या बोळाला बरं वाटलं.

बरं वाटलं. म्हणूनच ते धपाटे आले होते.

आमच्या घरात भूत हा शब्द अण्णा हसण्यासाठी वापरतात. मी अजूनही म्हणते, हे माझं डोकं आहे. आजार असेल तर त्यावर गोळी आहे. पण मग कावेरीबाईंनी पाठ का फिरवली?

रविवार, २७ एप्रिल

तीन दिवस घागर भरली नाही. तिनं माझ्या माठाला तोंड लावलं. झाकण घालून वर पाटा ठेवला होता. दुपारी आवाज आला, मी कानात बोटं घातली. पाटा तसाच, माठ कोरडा.

म्हणजे तिची भरली तर निदान माझा माठ वाचतो. आजपासून आधी तिची.

शुक्रवार, २ मे

वर्गात ब्युरेट धरताना हात थरथरला. ॲसिड टेबलावर सांडलं. सरांनी विचारलं, नीट जेवतेस ना. हो म्हटलं. या पंधरा तारखेला सराव परीक्षा आहे, तीत वर आलेल्यांनाच सर ऑक्टोबरपर्यंत शिकवणार. नांदेडला गेले तर डॉक्टर माझी वही वाचतील. अण्णांना बोलावतील. अण्णा ट्रंक उचलतील. मग फार्मसी संपली.

पाणी: सकाळी एक तांब्या. तिचा माठावरचा हक्क पुन्हा सुरू झालाय. घागर आणि माठ, दोन्ही. तिला आता एक पुरत नाही.

सोमवार, ५ मे

हिशेब साधा आहे. गोळी घेतली आणि पाणी नाही, तर विष. गोळी नाही घेतली, तर मागचं वर्ष परत. पाणी प्यायला मिळालं तर दोन्ही टळतं, आणि पाणी तिच्याकडं जातं.

हापशावरच पिऊन घ्यावं म्हणून ओंजळ धरली. ओंजळ भरली. तोंडाशी नेईपर्यंत बोटांमध्ये काही नव्हतं. बायकांनी माना फिरवल्या. दुसऱ्यांनी पाहिलं का, तर पाहिलं, सगळ्यांनी.

वर्गात सरांच्या माठातलं पाणी मात्र पिता येतं. तिथं ती येत नाही. पण वर्ग दोनच तासांचा असतो, आणि तिथं मी किती पिणार, मुली हसायला लागल्यात.

गुरुवार, ८ मे

दोन दिवस गोळी बंद ठेवली. झोप गेली. भिंतीवरचं कॅलेंडर माझ्याशी बोलणार असं वाटायला लागलं, ती चाहूल मी ओळखते. आज पुन्हा घेतली. थुंकीबरोबर गिळली. कडू.

हाताला लिहायला त्रास होतो.

रविवार, ११ मे

ती दिसली.

भर दुपारी, रांगेत. सगळ्या घागरींच्या सावल्या त्यांच्या बुडाशी गोळा झालेल्या. तांब्याच्या घागरीची सावली लांब होती, संध्याकाळी पडते तेवढी, माझ्या दारापर्यंत. सावली बाईची. गुडघ्यात मान घालून बसलेली. वाईट दिसत नव्हती. दमलेली दिसत होती. आमच्या आजीसारखी, रोजगाराहून आल्यावर.

मी म्हणाले, आजी, मला पण तहान लागते हो.

तिनं मान वर केली. मी दार लावलं.

बुधवार, १४ मे

जीभ जड. स, श नीट उमटत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं जसंच्या तसं होतंय. गोळी आजपासून बंद, कायमची. नांदेडला जायला निघाले, स्टँडपर्यंत पोचले नाही. रस्त्यात बसावं लागलं. रिक्षावाल्यानं परत आणून सोडलं. उद्या सराव परीक्षा.

कावेरीबाईंना विचारलं, सुटका कशी. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, “हातानं घेतलीस ना. काठीनं सोड.”

मी नाही म्हणाले.

गुरुवार, १५ मे

परीक्षेला गेले नाही. उठताच आलं नाही. खिडकीतून ऊन सरकताना बघितलं. आता वर्ग नाही. सर नाहीत. ऑक्टोबर नाही.

ती पाणी पिते. मी आवाज ऐकते. मला त्या आवाजाचा हेवा वाटतो.

शनिवार, १७ मे

केलं.

काठी चतुराबाईनंच दिली. घरात जपून ठेवली होती. घागर उंबऱ्यावरून ढकलत नेली. दगडांवर वाजत होती. थांबत थांबत. मी रडत होते, आणि बायका आपापल्या दारातून बघत होत्या, एकही हसली नाही. रांगेच्या शेवटी ठेवली. मी, माझ्या आजीची नात. काठीनं.

मग प्याले. पाणी तोंडात राहिलं. तांब्यावर तांब्या. उलटी झाली, पुन्हा प्याले.

काठी पुन्हा हापशाला टेकवून ठेवली आहे.

सोमवार, १९ मे

पाणी टिकतंय. दुपारी आवाज नाही. पण तहान जात नाही. हात थांबत नाहीत. बोलते ते कावेरीबाईंना कळत नाही. त्यांनी सरांना सांगून अण्णांना तार केली.

तार केली म्हटल्यावर आधी भीती वाटली. मग इतकं बरं वाटलं. घेऊन जा मला. आजार म्हणा. काहीही म्हणा.

मंगळवार, २० मे

अण्णा आले. खाकी कपड्यातच, ड्यूटीवरून. मला बघून भिंतीला टेकले. मग म्हणाले, काही नाही पोरी, डॉक्टर आहेत, आपण आहोत, फार्मसी पुढल्या वर्षी. मी बोलायला गेले. नुसता आवाज. ते म्हणाले, बोलू नको, लिही. म्हणून हे.

गाडी तासाभरात आहे. ते पाणी आणायला गेले, माझी बादली घेऊन. दारातून दिसतात —

चतुराबाई घागर लोटतेय. नंबर आलाय तिचा. शेवटी नेतेय.

अण्णा थांबले. काठीकडं बघतात. माझं पत्र, अण्णा, ते पत्र — तुम्ही डेपोत वाचून दाखवलं ते — नका —

मी ओरडले. आवाज आला नाही. त्यांनी वळून पाहिलं आणि मला हात केला, बघ, तू आजारी पडलीस तर यांनी परत सुरू केलं, असा. बादली खाली ठेवली. बाह्या सरसावल्या.

अण्णा हे वाचा. हात लावू नका. हे वाचा आधी. पाय चालत नाहीत माझे, मी उंबऱ्यापर्यंत सरपटत —

हापशाचा आवाज. भरतायत.

चतुराबाईनं काठी टाकली.

घागर खांद्यावर. इकडंच येतायत. काठोकाठ. बायका बाजूला होऊन वाट देतायत.

माझी जीभ ओली झाली. तहान नाही. आत्ता होती, आत्ता नाही. कुठं गेली —

अण्णा उंबऱ्यात बसले. घागर पुढ्यात. म्हणतात, थांब पोरी, आधी मीच घोटभर घेतो, काय की घशाला एवढी —